बिनफ्यूजचा गोळा

डँडेनॉन्गच्या काकांनी मला सांभाळलं, हे आधी सांगतो. काय झालं ते मागाहून. नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून नुसते काका.

त्यांच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्याच्या हातात पाण्याच्या ग्लासाआधी बॉम्ब यायचा. उखळी तोफेचा गोळा, शेपटीला पंख असलेला. पाहुणा पांढरा पडला की काका गोळा फिरवून त्याला पाडलेलं भोक दाखवायचे. आत दारू नाही, काही नाही. म्हणायचे, "आधी बघ, मग घाबर. लोक उलटं करतात."

मीही त्या उलटं करणाऱ्यांतलाच. नववीत शाळा सोडली, हॉटेलात कांदे कापत आचारी झालो आणि त्याच कामाच्या व्हिसावर इथे आलो. लॉकडाऊनमध्ये रेस्टॉरंट बंद झालं, खोली सुटली. वाण्याच्या दुकानातल्या ओळखीवर काका म्हणाले, "गॅरेजमध्ये राहा. बॉम्ब आहेत, पण ते घोरत नाहीत."

गॅरेजच्या फळ्यांवर प्रत्येक गोळ्याच्या नाकावर त्याचा फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारी कळ, बसवलेला, तोही निकामी. फक्त एका गोळ्याला नव्हता. काकांचं आयुष्य कारखान्यात लोखंड कातायच्या लेथवर गेलेलं. हवा तसा फ्यूज घरी घडवला असता. पण नाही. त्याच बनावटीचा, त्याच काळातला हवा.

काकू चिडवायच्या, "मुलीचं लग्न दोन फोनवर ठरवलंत, आणि या ठोकळ्याला वर्षानुवर्षं स्थळं बघताय!"

"तिला आटे नव्हते जुळवायचे," काका म्हणायचे.

आणि एकदा स्थळ आलं. शेजारच्या राज्यातल्या, वॉलॉंगॉंगच्या एका म्हाताऱ्याकडे नेमका तोच फ्यूज निघाला. असली वस्तू पोस्टाने येत नाही, दुसरं गिऱ्हाईकही दारात उभं, आणि दुसऱ्या दिवशी रात्री साथीमुळे राज्याची सीमा बंद होणार होती. काकूंनी धपाटे बांधून दिले. सकाळी काकांनी गाडी सुरू केली.

त्याच सकाळी मी तापाने उठलो. गॅरेजच्या दारातूनच ओरडलो, "काका, जवळ येऊ नका. ताप आहे. माझ्यामुळे तुम्हा दोघांना काही झालं तर? मला परत पाठवलं तर?"

काकांनी इंजिन बंद केलं नाही. गाडीच्या चारही काचा खाली केल्या.

"मास्क लाव, मागे बस. आधी बघू, मग घाबरू."

टेस्टच्या रांगेत जुलैचा, म्हणजे इथल्या ऐन थंडीचा वारा अंगावर घेत आम्ही बसलो. वॉलॉंगॉंगचा विषय त्यांनी काढला नाही. घरी आल्यावर धपाटे अंगणाच्या दोन टोकांना बसून खाल्ले. रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा मात्र शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "पोकळ निघाला रे!"

तोवर फ्यूज दुसऱ्याकडे गेला होता. मी माफी मागू लागलो.

"नो वरीज, मेट," काका म्हणाले.

"मला आहेत ना वरीज!" काकू आतून म्हणाल्या. "हा ठोकळा अजून माझ्याच घरात!"

सीमा उघडल्यावर दोघं मुलीकडे ब्रिस्बेनला गेले, कायमचे. सगळे गोळे सोबत गेले. बिनफ्यूजचा तेवढा काकांनी माझ्या हातात ठेवला. "याचं आता तू बघ."

बघतोय. रेस्टॉरंट पुन्हा सुरू झालं, किचन आता मी सांभाळतो. सुट्टीच्या दिवशी जुन्या वस्तूंच्या बाजारात जातो. पिशवीतून गोळा काढला की विक्रेता पांढरा पडतो. मी फिरवून भोक दाखवतो. एक ना एक दिवस जोडी जमणार. त्या दिवशी गाडी काढून ब्रिस्बेन गाठेन आणि पाण्याच्या ग्लासाआधी गोळा काकांच्या हातात देईन.