'भाता'चा शिरवळचा वाचक

'भाता' मासिकाच्या संपादक मंडळात आता मी एकटाच उरलोय.

काल रशीद गेला. आज दुपारी इस्लामपुरात त्याला माती देऊन साताऱ्याला परत आलो. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून इथं लिहितोय.

'भाता' तुम्ही कुणी पाहिलेला असणं शक्य नाही. सत्तरच्या दशकात सांगलीला कॉलेजात असताना आम्ही दोघांनी काढलेलं संगीताचं मासिक. मासिक आपलं म्हणायचं. दर महिन्याला ते कधीच निघालं नाही.

गाता दोघांपैकी एकालाही येत नव्हतं.

रशीदचे वडील पेंटर. इस्लामपुरात दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यामुळे अक्षरं त्याच्या हातात होती. माझ्याकडे शुद्धलेखन आणि उगाचची ऐट.

नाव त्यानंच काढलं. मी स्वर, सूर, झंकार असलं काहीतरी सुचवत होतो.

"सूर समदी धरत्यात रं. पेटीला हवा कोन देतं? भाता."

झालं. ठरलं.

मुंबईची गाण्याची मासिकं त्यानं हॉस्टेलच्या खाटेवर पसरून ठेवली होती. त्यांच्यात जे जे असतं ते ते आपल्यात पाहिजे, हा हट्ट. वर ठसठशीत नाव. कोपऱ्यात किंमत, कुणी देणार नसलं तरी. आत अनुक्रमणिका, संपादकीय, मुलाखत.

आणि 'वाचकांची पत्रे'.

मी म्हटलं, "अरे, हा पहिला अंक आहे. पत्रं येणार कुठून?"

"समद्यांच्यात असत्यात, विन्या. आपल्यात न्हाईत म्हटल्यावर मासिक वाटंल का?"

आणि बसल्या बैठकीला त्यानंच लिहिलं.

'मागचा अंक आवडला. असेच अंक काढत राहा. — एक वाचक, शिरवळ.'

"मागचा अंक कुठाय?"

"हुईल की आता."

"आणि शिरवळच का?"

"तितं आपल्या वळखीचं कोन न्हाई. म्हंजे खरा वाचक."



कव्हरला मात्र घोडं अडलं. मासिक म्हटलं की कव्हरवर गायकाचा भलामोठा चेहरा पाहिजे. आमच्याकडे होतं कॉलेजच्या ऑफिसातलं सायक्लोस्टाइलचं मशीन. त्यात फोटो छापता येत नाही. मेणाच्या स्टेन्सिलवर लोखंडी पेनानं कोरायचं, तेवढंच उमटतं.

रशीदनं एका गवयाचा चेहरा सुरेख कोरला. केस पाटीवर रंगवतात तसे भरगच्च काळे केले. स्टेन्सिलवर एवढं कोरलं की ती फाटते, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. हँडल फिरवलं आणि गवयाच्या डोक्यातली सगळी शाई हनुवटीपर्यंत उतरली.

ऑफिसातले क्लार्क वाकून बघत म्हणाले, "ह्यो कोन रं पोरांनो? आगीतनं काढला काय?"

रशीद हसला नाही. बराच वेळ खिडकीत बसून राहिला. मग उठला.

"तोंडच नको, गड्या."

दुसऱ्या स्टेन्सिलवर त्यानं नुसती एक चौकट काढली. खाली लिहिलं, 'आपला आवडता गायक येथे चिकटवावा.'

मी भांडलो. कव्हरवर चेहरा नाही, असलं मासिक असतं का? त्याचीच शिकवण त्याला ऐकवली.

"असतंय की. आपलं."

अंक वाटले. काही दिवसांनी आम्ही हॉस्टेलमध्ये खोलीखोलीत जाऊन बघितलं, कुणी काय चिकटवलंय.

एकानं रेडिओची जाहिरात लावली होती. कुंडलच्या तानाजीनं लष्करातल्या वडिलांचा युनिफॉर्ममधला फोटो.

"आण्णा रजंवर आलं की मळ्यात गात्यात. रेडिओवाल्यास्नी त्येंची सर न्हाई."

वर्गातल्या एका मुलीनं म्हणे स्वतःचाच फोटो लावला आणि अंक कुणालाही दाखवला नाही. मग ते रशीदला कसं कळलं, हे त्यानं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

एकच अंक, पण प्रत्येकाच्या हातात कव्हर वेगळं. मुंबईवाल्यांना हे जमलं नव्हतं. रशीदला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका तो खूश होता.

पुढे कॉलेज संपलं, 'भाता'ही संपला. मी बँकेत लागलो. त्यानं वडिलांचा ब्रश हातात घेतला. भेटी लग्नाकार्यात, त्याही घाईतल्या.

मग बायको गेली. मुलगा पुण्यात. वेळ जाईना, म्हणून मी फेसबुकवर लिहायला लागलो.

तुम्ही बघितलं असेल, माझ्या प्रत्येक पोस्टखाली पहिली कमेंट ठरलेली असायची.

'मागचा अंक आवडला. — एक वाचक, शिरवळ.'

तुमच्यापैकी काहींनी विचारलंही होतं, हे शिरवळचे गृहस्थ कोण? मी सांगितलं नाही. खातंही रशीदनं त्याच नावानं उघडलेलं. ते आमच्या दोघांतलं होतं.

खरं सांगू? मी पोस्टी त्याच्यासाठीच लिहायचो. पोस्ट टाकायची, चहा करायचा आणि फोन समोर ठेवून बसायचं. कमेंट आली की दिवस बरा जायचा. कुणीतरी आपल्याला आधीपासून ओळखतं, एवढंच वाटायला पाहिजे असतं माणसाला.

आता मला विन्या म्हणणारं कुणी राहिलं नाही.

त्याच्या मुलानं, आसिफनं, सकाळी एक फोटो दिला. "काका, पोस्टला लावा." मी बघितला. पांढरी दाढी, जाड चष्मा. तो रशीदच होता, पण मला आठवतो तो खिडकीत बसलेला.

म्हणून सोबत 'भाता'चं कव्हर टाकलंय. माझ्या अंकातली चौकट मी तशीच रिकामी ठेवली होती. ज्याला जसा रशीद आठवतो, तसा त्यानं तिथं लावून घ्यावा.

शेवटी भावपूर्ण श्रद्धांजली लिहितोय. नाही लिहिलं तर म्हणशील, समद्यांच्यात असतंय.

आता पोस्ट टाकीन. चहा करीन. सवयीनं फोन समोर ठेवून बसेन.

पहिली कमेंट आज मीच करतो.

रशीद, मागचा अंक आवडला.
— एक वाचक, सातारा.