चहाच्या रंगातली चौघं

धारवाडला माझ्या घराच्या पुढच्या खोलीत मी मुलांना चित्रकला शिकवते. मी तापट आहे. कागदावर पाणी सांडलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. तरी मागच्या वर्षी मीच मुलांना म्हटलं, रंगपेट्या राहू द्या घरी, या वेळी चहाने रंगवू. विषय ‘आमच्या घरचा चहा’. कोण बशीतून पितं, कोण उभ्यानेच उरकतं, सगळं बघून या. चहा आणायचा तो कोरा, घट्ट उकळलेला. दूध घातलंत तर वास मारेल, साखर घातलीत तर कागद चिकट होईल, अशी तंबीही दिली.

सुभाष रोडवर कापडाचं दुकान असलेल्या घरची एक मुलगी यायची. दहा वर्षांची, अगदी अबोल. तिच्या घरची रीत मला फार आवडली. दुकान उघडायच्या आधी सगळे चटईवर बसतात आणि अप्पा, म्हणजे तिचे वडील, स्वतः प्रत्येकाच्या बशीत चहा ओततात. सांगता सांगता तिने विचारलं, “टीचर, आमच्या अक्कालाबी काढू?”

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी तिने घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून त्या घरात तिचा विषयच बंद होता. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं. “घरी विचार,” म्हणून मी अंग काढून घेतलं. सरळ हो म्हणायला काय झालं होतं मला! दुसऱ्या दिवशी पोर मान खाली घालून म्हणाली, “अप्पा म्हणाले, आपण चौघंच हाय. तेवढीच काढ.”

तिने चौघं काढली. अप्पा, आई, भाऊ आणि ती स्वतः. आईच्या आणि तिच्या मध्ये मात्र एका माणसाची जागा कोरी. शेवटच्या दिवशी पाहते तर त्या कोऱ्या जागेवर ती बारीक ब्रशने पाणी लावत बसलेली.

“काय कराय लागलीस गं? कागद फाडायचाय का?” मी ओरडले.

“काय नाही टीचर. पाणी हाय नुसतं.”

वाळल्यावर तिथे काहीच दिसेना. मीही विसरून गेले.

रविवारी सकाळी पालक चित्रं बघायला यायचे होते. आदल्या संध्याकाळीच मी सगळी चित्रं बाकांवर मांडून ठेवली. सकाळी खोली उघडली आणि जागच्या जागी उभी राहिले. बाकीचे कागद स्वच्छ होते. तिच्या चित्रातल्या कोऱ्या जागेत मुंग्या होत्या, आणि त्या नुसत्या गोळा झालेल्या नव्हत्या, रेघेने उभ्या होत्या. केसांचा भांग, खांद्यावरून आलेली वेणी, वाकलेली मान, दोन्ही हातांत धरलेली बशी. अक्का बसली होती तिथे. आणि मुंग्या हलत होत्या, तशी तीही हलत होती. इतकी वर्षं मी मुलांना रेघ शिकवतेय, पण अशी जिवंत रेघ मी जन्मात पाहिली नव्हती. हात जोडावेत असं वाटलं.

इतक्यात मागे चपला वाजल्या. अप्पा पोरीला घेऊन सगळ्यांच्या आधी आले होते. मी घाबरून फडकं उचललं, निदान झटकून तरी टाकावं म्हणून.

“बिड्री, राहू दे टीचर,” ते म्हणाले आणि बाकावर वाकले. पोर दारातच थिजली.

“कशानं काढलीस?”

“साखरपाण्यानं,” ती पुटपुटली. “तुम्हाला दिसू नये म्हणून.”

अप्पांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा वर सरकवला.

“नंबर बदललाय म्हणे तिनं. तुला ठाव हाय?”

पोरीने दहाच्या दहा आकडे एका दमात म्हणून दाखवले.