बायकोची गाडी, माझी घासणी

आमच्या घरात गाडी बायकोची आहे आणि ती धुण्याची अक्कल माझी होती.

उज्ज्वला उल्हासनगरला एका दवाखान्यात नर्स आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी क्लास लावून ती गाडी शिकली आणि स्वतःच्या पगारातून गडद निळी गाडी घेतली. मी आनंदनगर एमआयडीसीत क्वालिटी इन्स्पेक्टर. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेले पार्ट टॉर्चखाली धरायचे आणि केसाएवढा ओरखडा दिसला की ओरडायचं, "रिजेक्ट!" (चोवीस वर्षं या एका शब्दावर माझा संसार चाललाय.)

त्या रविवारी सकाळी ड्युटीला निघताना ती म्हणाली, "आज चार वाजता आईला आणायला जायचंय. जन्मभर दुसऱ्यांचे पापड लाटले तिनं, टेम्पोत मागे बसून फिरली. आज लेकीच्या गाडीत पुढच्या सीटवर बसणार आहे. अहो, गाडी तेवढी धुऊन आणा. चामटोलीला, हिरामावशीकडं. मी तिथंच नेते."

"ती म्हशीवाली?"

"म्हशी होत्या. आता गोठ्यातच वॉशिंग सेंटर काढलंय. आणि दुसरीकडं कुठं नेऊ नका हं!"

मी मान डोलावली. मान डोलावणं ही माझी नकार देण्याची पद्धत आहे.

कारण वॉशिंग सेंटर या जमातीवर माझा काडीचा विश्वास नव्हता. बदलापुरात एका ठिकाणी चाकाचं फडकं काचेवर फिरताना पाहिलं. रिजेक्ट! उल्हासनगरचा शेठ म्हणाला, "साईं, गाडी छोड के जाओ, चाय पी के आओ." मी कशाला जातोय! तिथंच उभा राहून सूचना देत राहिलो. शेवटी त्यानं पाइप माझ्याच हातात दिला आणि चहा प्यायला तो गेला. आता म्हशी धुणारी बाई माझ्या बायकोची गाडी धुणार? छे! आपला हात जगन्नाथ!

पार्किंगमध्ये बादली घेऊन उतरलो तर सोसायटीचे सेक्रेटरी म्हात्रेकाका पेपर वाचत बसलेले.

"पिण्याचं पाणी गाडीला? दोन बादल्या, बस! तिसरी दिसली तर नोटीस लावीन."

दोन बादल्यांत अख्खी गाडी कशी धुणार? पण मी पडलो टेक्निकल माणूस. म्हटलं, आधी सुकंच घासून घेऊ, मग पाणी फक्त उडवायला! बॉनेटवर कबुतरांनी मनसोक्त कार्यक्रम केला होता आणि वर रस्त्याच्या कामाची धूळ. घरातून नवी कोरी हिरवी घासणी आणली, भांड्यांचा साबण घेतला आणि बॉनेट असं काही घासलं की घाम निथळला. पाणी मारलं. काय चमकली हो! मी दोन पावलं मागं जाऊन स्वतःवर खूश झालो.

मग ऊन आलं आणि बॉनेट वाळलं.

अख्ख्या बॉनेटवर पांढरी पांढरी वर्तुळं! शेकडो!

म्हात्रेकाका पेपर बाजूला ठेवून उठले. "डिझाइन काढलंस काय रे?"

चार वाजता सासूबाई! मी धावत वर गेलो आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आलो. (हसू नका. त्या क्षणी तो शास्त्रीय उपाय वाटला होता.) तेल चोळलं आणि वर्तुळं गायब! दहा मिनिटं. तेवढ्यात शेजारच्या बांधकामाची धूळ आली आणि तेलावर अशी बसली की गाडी निळी होती हे सांगावं लागलं असतं.

एक वाजला होता. मी मुकाट्यानं चामटोलीचा रस्ता धरला.

गोठा स्वच्छ झाडलेला. साठीची हिरामावशी लुगडं खोचून, पायात गमबूट घालून उभी. तिनं बॉनेटवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि माझ्याकडं पाहिलं.

"काय रं बाला, गारी हाय का करई?"

"कढई नाही हो मावशी, ते जरा घासणी..."

"आनि तेल बी लावलंस! आता हलद कवा लावाची?" मग डोळे बारीक करून विचारलं, "गारी कुनाची?"

अशा वेळी मान ताठ ठेवावी लागते. म्हटलं, "माझीच."

"बरं," म्हणाली आणि पॉलिश आणायला गोठ्यामागं गेली. बराच वेळ लागला तिला पॉलिश सापडायला.

आणि मग त्या बाईनं गाडी धुतली. काय सांगू! आधी नुसतं पाणी सोडून गाडी भिजत ठेवली. मी घाई केली तर म्हणाली, "म्हशीवरचा चिखल सुका खरवरला तं म्हस लाथ मारते. गारी लाथ मारत नाय, म्हनून तुमचं फावतं." मग टपापासून खाली, सरळ हातानं, हळुवार. चाकांचं फडकं वेगळं, काचेचं वेगळं, बादल्याही वेगळ्या. मध्येच डोळे मिटून तळवा फिरवायची आणि बरोबर जिथं खडा असेल तिथं थांबायची! मी खिशातून टॉर्च काढला, सवयच ती. अर्धा तास चूक शोधली. एकही सापडेना. चोवीस वर्षांच्या नोकरीत असं काम मी पाहिलं नव्हतं, अगदी खरं सांगतो.

हातानं पॉलिश करून तिनं सगळी वर्तुळं घालवली. एक सोडून.

"ह्यो नाय जानार. खोल हाय. झाकून दीन, पन दोन पावसान उघरं परल. खोटा कशाला करू? बायकोला खरा सांग."

साडेतीनला पार्किंगमध्ये शिरलो तर उज्ज्वला उभीच. मी उतरलो आणि डोळे मिटून सगळं ओकलो: सुकी घासणी, साबण, तेल, सगळं.

ती शांतपणे म्हणाली, "आणि गाडी कुणाची म्हणालात?"

मी एक डोळा उघडला.

"मावशीचा फोन आला होता. माझी गाडी दुसऱ्या कुणी आणली की ती आधी मला विचारते. पहिल्या खेपेला सीटखाली माझं कानातलं सापडलं, तेव्हाही तिनंच फोन केला होता. आज म्हणाली, 'येक मानूस तुजी गारी घेऊन आलाय. चोर नाय वाटत. चोराला येवरी तरी अक्कल असते.'"

म्हात्रेकाका पेपरामागं हसत होते. मग उज्ज्वलाही हसली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या. दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ, आणि अख्ख्या रस्त्यात त्या एकच वाक्य बोलल्या, "सावकाश गं बाई, लोकांना बघू दे." मी मागं बसलो होतो. डोळ्यांत पाणी आलं ते मी धुळीवर ढकललं, पण खिडक्या बंद होत्या.

उतरल्यावर त्यांनी बॉनेटवरच्या त्या उरलेल्या वर्तुळावर हात ठेवला. "हे काय गं?"

"ही ह्यांची सही," उज्ज्वला म्हणाली.

आता दर रविवारी मी चामटोलीला जातो, शिकायला. गाडीला हात लावायची परवानगी अजून नाही, मावशी मला फक्त गाडीतली पायपुसणी धुवायला देते. ती वाळली की उन्हात धरून तपासते.

मागच्या रविवारी चारपैकी तीन रिजेक्ट झाली.