टाकीवरचं पोतं आणि नवं हँडल

अकोल्याच्या मोटारसायकल मिस्त्रीनं विचारलं, "गाडी कोन चालवते?" मी म्हटलं, "मीच." अर्धं खोटं. आठवड्यातून दोन दिवस ती गाडी बाबांची, भाजी घेऊन अमरावतीच्या बाजारात जायला. पण तसं सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग जुनं उंच हँडलच राहू द्या. मला हवं होतं खालचं, सपाट, काळं. दिसायला झकास, आणि रोजच्या येण्याजाण्यात माझ्या खांद्यांनाही आराम. घरी मात्र सांगितलं, "बाबा, तुमचे हात दुखतात ना, म्हनून बदललं." एवढा मी भला माणूस.

दुसऱ्या दिवशी उजाडताना गाडी भरली. मागे सांबाराच्या जुड्यांचा गठ्ठा. पुण्याकडचे त्याला कोथिंबीर म्हणतात. वांग्यांचं पोतं नेहमीसारखं पुढे, पेट्रोलच्या टाकीवर, बाबांच्या दोन हातांच्या मधे. आमच्याकडे भाजीवाले सगळे असंच नेतात. मिस्त्रीच्या दुकानात टाकीवर काहीच नव्हतं, तेव्हा हँडल दोन्हीकडे मस्त फिरलं होतं. पोत्याची आठवण मला तिथं आलीच नाही. डोकं गहाण ठेवलं होतं, दुसरं काय.

गल्लीच्या वळणावर हँडल पोत्याला अडलं. अर्धंही वळेना. बाबांनी दोन्ही पाय टेकवले, थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग गाडी मागेपुढे करत कशीबशी वळवून निघून गेले. मी अंगणातून सगळं पाहिलं आणि तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर हँडल कोणासाठी बदललं, तेही बाहेर आलं असतं.

दहा मिनिटांत मी फोन हातात घेतला. सरळ रस्त्यावर ठीक आहे, पण कुत्रं आडवं आलं तर? समोरून कपाशीचा ट्रक आला तर? गाडीवर असताना ते फोन उचलत नाहीत हे माहीत असून लावतच राहिलो. आई म्हणाली, "काहून येवढा घाबरून राहिला? नेहमीचंच तं हाय." तिच्यावरच खेकसलो. राग माझा माझ्यावर, निघाला तिच्यावर.

शेवटी दर्यापूरहून बस धरली. खिडकीतून प्रत्येक पूल, प्रत्येक नाला पाहत होतो. एका ठिकाणी रस्त्यात गर्दी दिसली, मी सीटवरून उठलो. म्हशी होत्या.

बाजारात बाबा वांग्यांवर पाणी शिंपडत बसले होते. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून चिडलो.

"फोन काहून नाई उचलला?"

"गाडीवर होतो."

"बाबा, टाकीवर पोतं असलं का ते हँडल वळत नाई."

"मालूम हाय मले. फाट्यावरच जीपमदी टाकलं ना पोतं."

"मंग घरीच काहून नाई बोलले?"

त्यांनी वांगी सारखी केली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

"वळनावर थांबलो होतो ना मी. म्हटलं, पोरगा पाहून राहिला, आता सांगन. तू नाई बोलला, तं निंगालो."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ते तिकडे वळले. मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो. त्या दिवशी मला त्यांच्या तोंडाकडे पाहवलं नाही.