गेले तर, गेल्यावर

कुलूपवाल्याचा कुणावरच विश्वास नव्हता. दिवसभर किल्ल्या हरवलेल्यांची दारं उघडून द्यायची आणि घर खरंच ह्याचंच ना, म्हणून हळूच आत डोकावायचं, असा त्याचा धंदा. माणूस संशयी होणार नाही तर काय होईल? पण तो संशय त्यानं घरी आणला, हे मात्र चुकलंच.

बायको इस्पितळात आया होती. हल्ली ती भांडी घासताना काहीतरी पुटपुटायची आणि हा आला की गप्प. "गाम्यन, गाम्यन." त्यानं कान टवकारले. हे कुणाचं नाव? अन्न गोड लागेना.

शेवटी त्यानं पुतणीला गाठलं. ती ऐकताच पोट धरून हसली.

"नाव कसलं, काका! कोरियन आहे ते. मालिका बघून मला येतं थोडं. 'गा' म्हणजे जा. त्याला 'म्यन' जोडलं की 'गेले तर'. धातूच्या शेवटी व्यंजन असेल तर मध्ये 'उ' घालायचा. 'मॉग' म्हणजे खा, म्हणून 'मॉगुम्यन', खाल्लं तर."

"मग काकू जाणार की नाही?"

"तीच तर गंमत. 'गेले तर' आणि 'गेल्यावर', दोन्हींना म्यनच. पुढच्या वाक्यावरून ओळखायचं. आणि नुसतं 'समजा गेलेच तर' म्हणायचं असेल, तर 'गान्दाम्यन'."

परपुरुष नाही, हे कळून त्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट धाबं दणाणलं. कोरियात आयांना मागणी आहे, असं इस्पितळात सगळे बोलत. मग तो पाणी प्यायच्या निमित्तानं मोरीपाशी घुटमळू लागला. पोट डब्ब झालं, पण नुसतं 'समजा' म्हणणारं 'गान्दाम्यन' काही कानावर आलं नाही.

एका संध्याकाळी त्याला राहवलं नाही. "तुला गान्दाम्यन येत नाही का?"

तिच्या हातातून ताटली निसटली. "येतं की."

"मग म्हणत का नाहीस?"

"परीक्षा पास झालेय मी. तिकडे दोन वर्षांचं काम आहे. सांगणारच होते."

"चोरून शिकलीस."

"तुम्हाला सांगितलं असतं, तर मलाच कुलूप लावलं असतंत."

हे खोटं नव्हतं, म्हणूनच फार लागलं. त्यानं पडलेली ताटली उचलून दिली. मग म्हणाला, "परत आलीस तर..."

"तर नाही. आल्यावर म्हणा."

"आल्यावर," तो म्हणाला आणि तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. ती मात्र नळ मोठा सोडून पुढचं ताट घासू लागली.