पहिल्या शनिवारचं पापलेट

“वो मच्छीवाली मॅडम नहीं रही, मालूम है क्या?” बायपासजवळच्या त्या मोठ्या हॉटेलात आमच्या टेबलामागे उभा असलेला वेटर दुसऱ्याला सांगत होता. ऑफिसमधल्या एकीच्या बढतीची पार्टी होती. आम्ही सहाजण होतो. मी मेन्यू उघडून त्यात तोंड घातलं. आत्याला जाऊन पाच आठवडे झाले होते आणि ऑफिसात मी फक्त ‘घरात एक प्रसंग झाला’ एवढंच सांगितलं होतं.

गुलाबआत्या दिघाशी गावची. तिच्या शेतावर गोदामं उभी राहिली, भाडं येऊ लागलं, आणि तिनं स्वतःसाठी एकच चैन ठरवली : महिन्याच्या पहिल्या शनिवारी या हॉटेलात जेवायचं. “जिंदगीभर मासली साफ करून दुसऱ्यांना घातली. आता दुसऱ्यानं साफ केलेली खाईन, पन बघून!” जाताना टेमघरला आमच्याकडे गाडी थांबवायची आणि मला उचलायची, कारण मेन्यू इंग्रजीत आणि मी इंग्रजी शाळेतली. मी हळू आवाजात वाचायचे, ‘लिंबू आणि लोण्याच्या सॉसमधलं पापलेट’. ती म्हणायची, “लोनी? त्याला काय ताप आलाय?” मग ती कॅप्टनला बोलवायची, आणि कच्चं पापलेट पांढऱ्या प्लेटमधून टेबलावर यायचं. आत्या काट्यानं त्याचे कल्ले उचलायची. काट्याचा तिला सापडलेला तो एकच उपयोग. कल्ले लाल असले तर मान हलवायची, तपकिरी असले तर आख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणायची, “याचा तेरावा पन झाला रं बाबा, ने याला!” एकदा खुद्द शेफ बाहेर आला, भांडायच्या तयारीनं. अर्ध्या तासानं तो तिच्या शेजारी बसून खाडीतल्या बोय माशांबद्दल विचारत होता. त्यानंतर पहिल्या शनिवारी पापलेट न मागताच टेबलावर यायचं, आधी दाखवायला, मग तळायला.

आजूबाजूचे लोक वळून बघायचे आणि मी मेन्यू आणखी वर धरायचे…

बारावीत असताना एकदा शेजारच्या टेबलावर माझ्या वर्गातली सानिका आली, आईवडिलांबरोबर. आत्याच्या हातात तेव्हा काटा होता आणि काट्यावर कल्ला. सानिकानं इंग्रजीतच विचारलं, या कोण? मीही इंग्रजीतच सांगितलं, बाबांच्या गावच्या आहेत कोणीतरी. आत्याला इंग्रजी येत नव्हतं, पण ‘व्हिलेज’ कळायला शाळा लागत नाही. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, काटा खाली ठेवला आणि सानिकाला हसून म्हणाली, “हां, गावचीच हाय मी. मेन्यू वाचायला पोरीला आनलीय.” त्या दिवशी ती पहिल्यांदाच कल्ले न बघता जेवली. परतताना गाडीत मसाल्यात कोकमाचं आगळ कमी पडल्याचंच पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा मला न्यायला आली, नेहमीसारखा हॉर्न वाजवत. पण तेव्हापासून एक नवीनच सुरू झालं. कोणी ओळखीचं टेबलाकडे येताना दिसलं, की ती डोळे मिचकावून हळूच विचारायची, “आज मी कोन गं तुझी?” ती हसायची, म्हणून मीही हसायचे. सहा वर्षं हसले. उत्तर एकदाही दिलं नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, आज गाडीत बोलू. पण गाडीत ती कोळंबीचे भाव काढायची, नाहीतर ड्रायव्हरच्या लग्नाचं, आणि टेमघर यायचं.

…पार्टीच्या टेबलाशी कॅप्टन ऑर्डर घ्यायला आला. वेटरचं बोलणं आमच्यातल्या एकीनंही ऐकलं होतं. तिनं विचारलं, “कोण हो या मच्छीवाल्या मॅडम?” कॅप्टनचा चेहरा एकदम खुलला. त्यानं पापलेट सांगितलं, शेफचं भांडण सांगितलं, तेराव्याचा विनोद तर आत्याच्याच आवाजात करून दाखवला. टेबल हसून हसून लोळलं. मग तो म्हणाला, “सोबत एक मुलगी यायची. मेन्यू वाचायला पगारी ठेवली असावी. तोंडातून शब्द नाही फुटायचा बिचारीच्या!” त्यानं मला ओळखलं नव्हतं. कसं ओळखणार? इतक्या वर्षांत त्यानं माझा चेहरा बघितलाच नव्हता, बघितलं होतं ते मेन्यूचं कव्हर.

सगळे पुन्हा हसले. सवयीनं मीही हसणार होते. मग मेन्यू मिटून टेबलावर ठेवला.

“पगारी नव्हते मी,” मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला, पलीकडच्या टेबलावरचेही वळले. “ती माझी आत्या. माझ्या बाबांची सख्खी मोठी बहीण.”