खंदारेभाऊंनी पुढचं सांगितलं

मी कुणाचं ऐकून घेत न्हाई, हे पूर्णा टेशनासमोरच्या सगळ्या लोकांना म्हाईत हाय. खानावळवाली बाई मऊ लागली की गिऱ्हाईक डोक्यावर बसतंय. भाकर जाड झाली म्हणणाऱ्याला मी सरळ सांगते, बाबा, पातळ खायची असंल तर घरी खा. पण सिद्धोधन खंदारेभाऊंचा डबा मी माझ्या हातानं भरते आणि त्यांच्यावर ओरडायचं काम बी माझ्या हातानंच करते. त्यांची बायको धम्मशीला माझी जिवाची मैत्रीण. ती गेली, पोरगं पुण्याला, आणि भाऊ रिटायर होऊन टेशनामागच्या गल्लीत एकटे.

भाऊ रेल्वेत पॉइंट्समन होते. रुळाचे सांधे बदलायचे, झेंडी दाखवायची, आणि गाडी सुटायच्या आधी मास्तरनं लिहिलेला कॉशन डायव्हरच्या हातात द्यायचा. कॉशन म्हंजे सावधानीचा कागद. पुढं पुलाचं काम चालू हाय, इथून तिथपर्यंत हळू जा, असं त्यात लिहिलेलं असतंय. भाऊ म्हणायचे, "ताई, डायव्हर झोपलेला असो की चहा पीत असो, कॉशन दिल्याबिगर गाडी सोडायची न्हाई. पुढचं म्हाईत असून जो सांगत न्हाई तो खुनी."

आता या माणसाला नाद कशाचा असावा? तमाशाचा न्हाई, पत्त्याचा न्हाई. आभाळातल्या जहाजाचा! 'शून्यपार' नावाची परदेशातली मालिका, हिंदीत आवाज घातलेली. वीसेक वर्षांपासून चाललीय. एक जहाज तारे-ग्रह फिरतंय आणि त्याला घराची वाट काही घावत न्हाई. म्हणलं, वीस वर्षांत वाट घावंना तर विचारावं की कुणाला! भाऊ हसायचे. धम्मशीला बी त्या जहाजाला नावं ठेवायची, आणि तांदूळ निवडत तिथंच बसून बघायची.

त्या जहाजावर मिरान नावाची बाई होती. इंजिनं दुरुस्त करणारी, हाताला कायम काळं लागलेलं. भाऊंचा जीव तिच्यावर. कप्तान बदलले, जहाज बदललं, मिरान पहिल्या सीझनपासून तीच. मधी काही वर्षं ती मालिका बंदच पडली होती. पण भाऊंसारखे शौकीन बंद पडले न्हाईत. त्यांनी मोबाईलवर ग्रुप केलेला, 'शून्यपार परिवार'. कुणी कानपूरचं, कुणी रायपूरचं, आणि ग्रुप चालवणारा आदिनाथ म्हणून लातूरचा पोरगा. भाऊंना तिथं 'पूर्णावाले चाचा' म्हणत. सकाळी उठलं की विचारायचे, "चाचा, खाना खाया?" घ्या! डबा देणारी मी, आणि विचारपूस कानपूरहून.

पण खरं सांगू का, मला त्याचं बरं वाटायचं. पोराचा फोन यायचा तो घाईत, गोळ्या घेतल्या का, लाईट बिल भरलं का, ठेवतो. गल्लीत भाऊंच्या वयाचं बोलायला कुणी उरलं न्हाई. दिवसभरात त्यांच्याशी मन लावून बोलणारं कुणी होतं तर ती न बघितलेली माणसं. तेवढा एक धागा होता. तो तुटला असता तर त्या घरात भिंतीशीच बोलायची पाळी आली असती.

यंदा खबर आली, नवा सीझन येतोय. बापरे, काय धुमाकूळ! आधी झलक आली तर कप्तानाचा हिंदी आवाजच बदललेला. ग्रुपात निम्मे म्हणाले, हा आवाज न्हाईच चालणार, निम्मे म्हणाले, ऐकून तर घ्या. एक रायपूरचा वकील तर म्हणे रुसून जेवलाच न्हाई. भाऊ भरल्या खानावळीत मोबाईल घेऊन आले आणि दोन्ही आवाज माझ्या कानाशी लावले. "सांगा ताई, कोणता बरा?"

"दोघांना बी सर्दी झालीय," मी म्हणलं. "सरका, वरण सांडंल."

भाऊ तेच जसंच्या तसं ग्रुपात बोलले आणि सगळे म्हणे पोट धरून हसले. त्या दिवशी भाऊंचा चेहरा असा फुलला होता की मी आणखी एक भाकर वाढली.

ठरलं असं, की नवे भाग एकदम आले तरी सगळ्यांनी रोज संध्याकाळी एकेकच भाग बघायचा आणि मग मिळून बोलायचं. भाऊंनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. मी म्हणलं, सोयरीक बघायला चाललाव का? पण सीझन आला आणि यांच्याच्यानं दम निघाला न्हाई. सकाळी टीव्ही लावला तो बंदच केला न्हाई. वर मला म्हणतात, "हावरटपणा न्हाई ताई. गाडीच्या आधी एकानं रूळ बघून यावा लागतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ डब्याला आले ते डोळे लाल. मी हातातला झारा टाकला. "काय झालं वं?"

"मिरान गेली."

मला आधी सुचंना. "कोण मिरान? कुठल्या गावची?" मग ध्यानात आलं. आता हसावं की रडावं! पण भाऊ खरंच रडायले होते. सहाव्या भागात जहाज वाचवताना ती बाई जाते म्हणे. मी पाणी दिलं. भाऊ पाणी प्याले आणि जरा हलकं झाल्यासारखं म्हणले, "सगळ्यांना कळवून आलो. सांगितलं, सहाव्या भागात मिरान जाते, मन घट्ट करून, दमानं बघा. एकदम बघितलं असतं तर कुणाच्या काळजाला सोसलं नसतं."

आता मी त्यातली न्हाई, मला वाटलं चांगलंच केलं. मयताचा सांगावा देतातच की.

संध्याकाळी भाऊ परत आले. मोबाईल बिघडला म्हणले. "ग्रुप उघडायलाय, पण माझं बोलणं कुणाला जाईना." मी बघितलं. मोबाईल धडधाकट होता. भाऊंना ग्रुपातून काढलं होतं. वरती लोकांचे शब्द होते, तेवढे मी वाचले. "चाचा, ये क्या किया आपने!" "इतने साल रुके थे, सब बरबाद." वकिलानं तर लिहिलेलं, बुढ्ढे को निकालो. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हाताऱ्या माणसाला बुढ्ढा म्हणायला यांच्या बापाचं काय खाल्लं त्यानं!

मी भाऊंच्याच फोनवरून आदिनाथला फोन लावला आणि जे सुरू केलं ते दम घेईपर्यंत थांबले न्हाई. पोरगं गुमान ऐकत होतं. माझं झाल्यावर म्हणलं, "मावशी, चाचांवर माझा बी जीव हाय. पण लोकांनी वर्षानुवर्षं वाट बघितली. ती जाते का वाचते, ते श्वास रोखून बघायचं होतं त्यांना. चाचांनी ते हिसकावून घेतलं. एक बाई रडून रडून मला फोन करायलीय. महिनाभर त्यांना बाहेर राहू द्या. सगळ्यांचं बघून झालं की घेतो परत."

पोरगं खोटं बोलत न्हवतं. कुणी मला पिक्चरचा शेवट सांगितला असता तर मी झाराच फेकून मारला असता.

"महिनाभर," मी भाऊंना सांगितलं.

भाऊ म्हणले, "महिन्यानं तिथं काय ऱ्हाईल? वऱ्हाड गेल्यावर मांडवात जाऊन काय करायचं?"

"चूक तुमची हाय भाऊ. मी तोंडावर सांगते."

"मी कॉशन दिला, ताई."

"ते गाडीत न्हवते वं! टीव्ही बघत होते!"

भाऊ उठून गेले. डबा तसाच ऱ्हायला.

पुढं त्यांचं येणंच बंद झालं. मी डबा पाठवायची, तो अर्धा भरलेला परत यायचा. लोक सांगायचे, खंदारे टेशनाच्या बाकड्यावर बसलेला असतो, गाड्या येतात-जातात, बघत असतो. पाच मिनिटाला मोबाईल काढायचा, बघायचा, खिशात ठेवायचा. कोण विचारणार होतं आता, खाना खाया का? मला त्या माणसाचा राग बी यायचा आणि गलबलून बी यायचं. शेवटी एक दिवस दुपारची पंगत उरकली, खानावळीला कुलूप लावलं आणि मीच डबा घेऊन गेले.

घरात टीव्ही बंद, पंखा बंद. भाऊ खाली भिंतीला टेकून बसलेले. मी डबा आपटला. "जेवा. आणि एकदा सांगून टाका, एवढं कशाला लावून घेतलंय? नाटकातली बाई मेली, नाटकातल्या लोकांनी हाकललं."

भाऊंनी डबा बाजूला सरकवला. मग म्हणले, "धम्माच्या वेळंला सगळ्यांना म्हाईत होतं, ताई. डॉक्टरला, पोराला. पोरगं म्हणलं, बाबांना सांगू नका, त्यांना सोसणार न्हाई. आणि मी ड्युटी करायलो होतो. म्हणलं, होईल बरी. जगभराच्या गाड्यांना मी कॉशन दिला, मला कुणी दिला न्हाई. मला वाटलं, त्या लोकांचं तरी तसं होऊ नये."

मला बी हे म्हाईत न्हवतं. मैत्रीण म्हणवायची मी, आणि मला बी कुणी सांगितलं न्हवतं. मी पदर तोंडाला लावून बसले. मग उठले, पंखा लावला आणि म्हणलं, "लावा ते तुमचं जहाज. पहिल्यापासून लावा. मी बघते."

"तुमी?"

"मी. आणि आवाज वाढवा, पंख्यात ऐकू येत न्हाई."

तेव्हापासून रोज दुपारी पंगत उरकली की मी जाते. मला निम्मं कळत न्हाई. कोणता ग्रह, कोणती लढाई, भाऊ समजावतात, मी जांभया देते. तरी जाते. एका दुपारी मिरानचा भाग होता. तरणीताठी पोरगी, तोंडाला काळं लागलेलं, कप्तानालाच झापायलीय की माझ्या इंजिनाला हात लावू नको. मला ती लय आवडली. मला म्हाईत होतं तिचं पुढं काय होतंय. तरी मी मुद्दाम विचारलं, "भाऊ, हिचं पुढं काय होतं वं?"

भाऊंनी माझ्याकडं बघितलं न्हाई. त्यांचे ओठ हलले आणि परत मिटले. "बघू की," म्हणले.

मिरान हसायली होती. भाऊ तिच्याकडं बघत ऱ्हायले, आणि मग त्यांनी आवाज बंद केला.

"ताई, दवाखान्यात धम्मा म्हणायची, घरी गेल्यावर सैपाकाच्या ओट्याला हिरवी फरशी बसवू. रोज तेच. रंगावरून भांडली माझ्याशी. नर्सबाई हसायच्या आमाला." त्यांनी रिमोट खाली ठेवला. "डॉक्टरला म्हाईत, पोराला म्हाईत. मग तिला म्हाईत नसंल का?"

मी कुणाला खोटं सांगत न्हाई.

"असणारच, भाऊ," मी म्हणलं. "तिला म्हाईत होतं."

भाऊंनी मान हलवली. आत सैपाकघराकडं बघितलं.

"मग हो तरी म्हणायचं होतं मी," म्हणले. "मी शेवटपर्यंत पांढरीच पायजे म्हणून भांडत ऱ्हायलो."